महाबळेश्वरचा लाव्हा राजमहेंद्रीला: एका बुजलेल्या नदीमार्गाचा माग

पापीकोंडलूच्या घळईतून बाहेर पडलेली गोदावरी राजमहेंद्रीपाशी ऐसपैस पसरते. तिथे नदीच्या दोन्ही अंगांना काळ्या दगडाच्या खाणी आहेत. पूर्वेला काटेरू, पश्चिमेला पंगिडी, गौरीपट्टणम, दुड्डुकुरू. महाराष्ट्रातल्या माणसाला तो दगड मुळीच परका वाटणार नाही. खंबाटकी घाटाच्या कापलेल्या भिंतीत, गडकोटांच्या तटात, वेरूळच्या कातळात तो आपण पाहत आलो आहोत. हा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा.

प्रश्न असा, की तो तिथे आला कुठून? राजमहेंद्रीच्या आजूबाजूला पूर्व घाटाचे अतिप्राचीन स्फटिकी खडक आहेत, गोंडवाना काळातले वाळूखडक आहेत, किनाऱ्याचा गाळ आहे. जवळपास ज्वालामुखीचं तोंड नाही, लाव्हा वर यायला लागणाऱ्या भेगाही सापडत नाहीत. दख्खनचा सलग काळा प्रदेश पश्चिमेकडे सुमारे ४०० किलोमीटर आधीच, बिदर-विकाराबादच्या बाजूला संपतो. आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात दख्खनचा एकही कातळ उरलेला नाही. राजमहेंद्रीचं हे बेसॉल्ट एखाद्या बेटासारखं एकटं पडलं आहे. उघड्यावर दिसणारं त्याचं क्षेत्र जेमतेम तीस-चाळीस चौरस किलोमीटर भरेल. दख्खनच्या आजच्या ५ लाख चौरस किलोमीटरांपुढे ते नगण्य आहे.

तरीही या तुकड्याने भूशास्त्रज्ञांना दीडशेहून जास्त वर्षं गुंतवून ठेवलं. नागपूरला राहून मध्य भारतातल्या लाव्हाच्या थरांमधले जीवाश्म गोळा करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० मध्ये राजमहेंद्रीच्या शंख-शिंपल्यांचंही वर्णन केलं. १८८० मध्ये विल्यम किंग यांनी गोदावरी जिल्ह्याच्या किनारी भागाचं भूशास्त्र लिहिलं, त्यातही हे थर आले. दगड दख्खनचाच असावा असा अंदाज तेव्हापासून होता. पण नुसतं रंगरूप पाहून दगडाचं गाव ठरवता येत नाही. ते ठरलं विसाव्या शतकाच्या शेवटी, आणि त्यातून हाती आली ती ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या नदीची वाट.

तीन शक्यता

लाव्हा इथे असण्याची तीनच कारणं संभवतात. पहिलं, तो इथल्याच भेगांमधून वर आला. कृष्णा-गोदावरी खोरं ही जुनी खचलेली जमीन आहे आणि तिच्या तळात मोठे भ्रंश, म्हणजे खडक सरकून पडलेल्या भेगा आहेत, त्यामुळे ही कल्पना वेडगळ नाही. काही अभ्यासकांनी ती गंभीरपणे मांडली आहे. दुसरं, दख्खनचा लाव्हा एके काळी सगळ्या पठारावर चादरीसारखा समुद्रापर्यंत पसरला होता आणि मधला भाग झिजून गेला. तिसरं, लाव्हा पश्चिमेकडून आला, पण सगळीकडे न पसरता आधीपासून असलेल्या नदीखोऱ्यांमधून वाहत आला.

तिसरी शक्यता ठोसपणे मांडली ती अजय बक्षी आणि सहकाऱ्यांनी, १९९४ मध्ये. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह होतं, आणि ते योग्यच होतं. मग २००८ मध्ये स्टीफन सेल्फ, अ‍ॅन जे, माइक विडोसन आणि लॅझ्लो केस्थेई यांनी सह्याद्रीतल्या थरांशी राजमहेंद्रीच्या थरांची एकास एक तुलना केली. हे पृथ्वीवरचे सर्वांत लांब लाव्हाप्रवाह तर नाहीत ना, असं त्यांनी विचारलं, पुन्हा प्रश्नचिन्हासह. पुरावे इतके पुढे गेल्यावरही चिन्ह तसंच ठेवण्याचा हा संयम मला या प्रकरणात फार मोलाचा वाटतो.

दगडाचा पत्ता

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट अनेकांनी धुक्यातून पार केला असेल. भूशास्त्रज्ञांसाठी हा घाट म्हणजे उघडं पुस्तक आहे. खाली कोकणाच्या पायथ्यापासून वर महाबळेश्वरच्या जांभ्यापर्यंत हजार मीटरांहून जास्त जाडीचा लाव्हा, थरावर थर, एकाच चढणीत हाताला लागतो. कीथ कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ यांनी १९८५ मध्ये याच भागातल्या थरांचं रसायन प्रसिद्ध केलं. पुढे त्यांच्यासारख्या अनेकांच्या कामातून सह्याद्रीच्या लाव्हाची पूर्ण उतरंड तयार झाली. तिची नावं आपल्याच गावांची आहेत. तळाशी जव्हार आणि इगतपुरी, मग नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, त्यावर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, आणि दक्षिणेकडे सर्वांत वर पन्हाळा व देसूर.

हे थर डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. हातात धरलेला आंबेनळीचा दगड आणि महाबळेश्वरचा दगड सारखेच काळे, सारखेच जड. फरक आत असतो. खोलवरून वर येणारा शिलारस वाटेत भूकवचात थांबतो, तिथल्या जुन्या खडकांचा थोडा अंश वितळवून पोटात घेतो आणि मग बाहेर पडतो. किती घेतला, कुठल्या खडकाचा घेतला, यावर त्याची रासायनिक ओळख ठरते. बुशेच्या लाव्हात ही भेसळ सर्वांत जास्त. आंबेनळीचा लाव्हा जवळपास निर्भेळ. त्यात बेरियम कमी, आणि स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास. जुन्या भूखंडीय खडकात रुबिडियमचं विघटन होऊन स्ट्रॉन्शियम-८७ साठत गेलेलं असतं, म्हणून असा खडक मिसळला की हा आकडा चढतो. महाबळेश्वर थराकडे सरकलं की बेरियम, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम पुन्हा वाढतात आणि ते गुणोत्तरही वर जातं.

राजमहेंद्रीच्या खाणींतले नमुने याच मोजपट्टीवर तपासले गेले. तिथे लाव्हाचे दोन गट आहेत, खालचा आणि वरचा, आणि मध्ये गाळाचा थर. खालच्या गटाचं रसायन आंबेनळीशी जुळलं. वरच्या गटाचं महाबळेश्वरशी. म्हणजे नुसता दख्खनशी नव्हे, तर दख्खनच्या दोन ठरावीक थरांशी मेळ बसला, आणि तोही सह्याद्रीत आहे त्याच क्रमाने. पहिल्या शक्यतेला, म्हणजे इथल्याच भेगांना, सर्वांत मोठा धक्का इथे बसतो. स्थानिक शिलारसाला शेकडो किलोमीटर दूरच्या दोन वेगवेगळ्या थरांची ओळख लागोपाठ, त्याच क्रमाने मिळावी, हा योगायोग पचणारा नाही.

रसायनावर इतका भर का, हे महाराष्ट्रातल्याच एका वेगळ्या उदाहरणातून कळतं. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरीला नदीच्या जुन्या गाळात ज्वालामुखीची राख सापडली, जवळच अश्मयुगीन हत्यारंही. सुरुवातीच्या कालमापनात तिचं वय काही लाखांपासून १४ लाख वर्षांपर्यंत निघालं. १९९० च्या दशकात राखेतल्या काचेच्या सूक्ष्म कणांचं रसायन तपासलं तेव्हा ते सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाशी जुळलं, आणि त्यावरून बराच वाद झाला. नदीच्या गाळात राख दुसरीकडून वाहून येऊन मिसळते, जुने कण नव्यात शिरतात, त्यामुळे एकटा वयाचा आकडा फसवू शकतो. दगड कुठला हे आधी ठरवावं आणि मग वयाकडे वळावं, हा क्रम राजमहेंद्रीतही उपयोगी पडला.

चुंबकाची आणि शिंपल्यांची साक्ष

लाव्हा थिजताना त्यातली लोहयुक्त खनिजं त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कायमची पकडून ठेवतात. पृथ्वीचं क्षेत्र अधूनमधून उलटं होतं. दख्खनच्या मुख्य उद्रेकांच्या वेळी ते उलटं होतं. साधारण ७ लाख वर्षांचा हा कालखंड २९-आर नावाने ओळखला जातो. तो संपला आणि क्षेत्र आजच्यासारखं सुलटं झालं, तो २९-एन. सह्याद्रीत हा पालट महाबळेश्वर थरात सापडतो. त्याखालचा आंबेनळी थर पूर्ण उलटा.

राजमहेंद्रीत खालचा गट उलटा निघाला आणि वरचा सुलटा.

चुंबक आणि रसायन ही दोन एकमेकांशी संबंध नसलेली मोजमापं आहेत. रसायन ठरतं शिलारस कशात मिसळला यावरून, चुंबकीय दिशा ठरते तो कधी थिजला यावरून. दोन्ही एकच उत्तर देतात तेव्हा त्यावर भर देऊन बोलता येतं. पुढे २००३ मध्ये आणि मग २०२० मध्ये आर्गॉन पद्धतीने, म्हणजे दगडात पोटॅशियमच्या विघटनातून साठलेला आर्गॉन वायू मोजून, राजमहेंद्रीच्या लाव्हाचं वय काढलं गेलं. तेही दख्खनच्या वरच्या थरांच्या वयाशी सुसंगत आहे. २०२० च्या कामानुसार तर उघड्यावर दिसणारे दोन्ही गट डायनासोर नष्ट झाले त्या सीमेच्या नंतरचे आहेत.

दोन गटांमधला गाळ मात्र वेगळीच गोष्ट सांगतो, आणि नदीच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. नागपूरच्या टाकळीला किंवा मुंबईच्या मलबार हिलला लाव्हांमध्ये सापडणारे थर गोड्या पाण्याचे, तळी-डबक्यांचे आहेत. राजमहेंद्रीत तसं नाही. तिथे मधल्या चुनखडीत कालवं आहेत, टरिटेलासारखे निमुळते शंख आहेत, आणि समुद्रात तरंगणारे फोरॅमिनिफेरा नावाचे सूक्ष्मजीव आहेत. ते डेनियन काळातले, म्हणजे डायनासोरांच्या अंतानंतर लगेचच्या काळातले. लाव्हाच्या खालचा गाळही किनाऱ्याजवळचाच. थोडक्यात, लाव्हा आला तेव्हा तिथे खाडी होती, उथळ समुद्र होता. लाव्हा किनाऱ्यावर येऊन पोहोचला, मग काही काळ खाडीचा चिखल साठला, मग दुसऱ्यांदा लाव्हा आला, तोही त्याच जागी.

त्याच जागी, हा मुद्दा मला सर्वांत बोलका वाटतो. दोन लाव्हागटांच्या मध्ये समुद्री गाळ साठण्याइतका आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र पालटण्याइतका काळ गेला. तरीही दोन्ही वेळा वाट तीच, शेवटही तोच. शेकडो किलोमीटर रुंद आघाडीने लाव्हा सरकत आला असता तर किनाऱ्यावर ठिकठिकाणी, निदान दोन-चार जागी तरी, त्याचे अवशेष मिळायला हवे होते. पूर्व किनाऱ्यावर दख्खनचा लाव्हा उघडा दिसतो तो फक्त इथे, आजच्या कृष्णा-गोदावरीच्या मुखप्रदेशात.

लाव्हा नदीची वाट कशी धरतो

एवढ्या लांब लाव्हा वाहू शकतो का, ही शंका रास्त आहे. महाबळेश्वर ते राजमहेंद्री सरळ रेषेतच साडेआठशे किलोमीटरांहून जास्त, नदीच्या वळणांनी हजार किलोमीटर. पठाराचा उतार अगदी मंद. उघड्यावर धावणारा लाव्हा इतक्या अंतरात केव्हाच थिजला असता.

पण दख्खनचा बराचसा लाव्हा धावत नव्हता, फुगत होता. पाहोइहोइ प्रकारचा लाव्हा आधी वीतभर किंवा हातभर जाडीच्या जिभेने पुढे सरकतो. तिच्यावर लगेच कवच धरतं. तापलेल्या दुधावर धरलेली साय खालचं दूध गरम ठेवते, तसं ते कवच आतल्या लाव्हाची उष्णता राखतं. मागून दाबाने नवा लाव्हा आत शिरत राहतो, कवच उचललं जातं, थर फुगून मीटर, दहा मीटर, कधी त्याहून जाड होतो, आणि आघाडीला कवच फोडून नवी जीभ बाहेर पडते. आतला लाव्हा हवेला भेटतच नाही, म्हणून वाटेत त्याचं तापमान फार कमी उतरतं. याची खूण कोणत्याही चांगल्या कापलेल्या दगडखाणीत पाहायला मिळते. थराच्या वरच्या भागात बुडबुड्यांच्या छिद्रांची दाटी, मध्ये घट्ट सलग गाभा, आणि तळाशी पुन्हा छिद्रांची पातळ पट्टी, त्यात नळीसारखी उभी छिद्रं. लाव्हा एका झटक्यात ओतला गेला असता तर ही मांडणी तयार झाली नसती.

आता यात खोऱ्याची भर घाला. उघड्या मैदानात लाव्हा चहूकडे पसरतो आणि पुरवठा वाटला जातो. खोऱ्यात दोन्ही बाजू बंद, उतार ठरलेला, सगळा पुरवठा एकाच वाटेने पुढे. आघाडी पुढेच जात राहते.

हे माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आइसलँडमध्ये ८ जून १७८३ ला लाकीच्या भेगा फुटल्या. थोड्याच दिवसांत स्काफ्ता नदी आटली, आणि मग तिच्याच घळईतून पाण्याऐवजी लाव्हा बाहेर आला. आठ महिन्यांत लाकीने सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा ओकला. राजमहेंद्रीपर्यंत पोहोचलेला एकेक प्रवाह हजारो घन किलोमीटरांचा असावा असा अंदाज आहे. मानवी इतिहासात अशा आकाराचा एकही उद्रेक झालेला नाही.

भूशास्त्रीय काळातही दाखले आहेत. अमेरिकेच्या वायव्य भागात पोमोना नावाचा लाव्हाप्रवाह आयडाहोच्या पश्चिम भागातून निघून प्राचीन कोलंबिया नदीच्या खोऱ्यातून सुमारे ६०० किलोमीटर जाऊन पॅसिफिकला भिडला. त्या नदीने कॅस्केड पर्वतरांग कुठे ओलांडली होती हे ठरवताना असे लाव्हा फार उपयोगी पडले. कॅलिफोर्नियातला टेबल माउंटन याहून सुबक. १ कोटी वर्षांहून थोडं आधी सोनोरा खिंडीच्या बाजूने लाव्हा आला आणि प्राचीन स्टॅनिस्लॉस नदीच्या पात्रात भरला. पुढे दोन्ही काठांचा मऊ खडक झिजला, लाव्हा टिकला, आणि तळाशी असलेलं पात्र आज नागमोडी वळणं घेत जाणारा सपाट माथ्याचा डोंगर होऊन उभं आहे. सोन्याच्या शोधातल्या खाणकामगारांनी १८५० च्या दशकातच त्या लाव्हाखाली बोगदे खणून जुन्या नदीचे गोटे बाहेर काढले. फ्रेडरिक रॅन्सम यांनी १८९८ मध्ये तो लाव्हा शास्त्रीय पद्धतीने मांडला. तिथे नकाशावर बोट ठेवून नदीचं वळण न् वळण दाखवता येतं.

राजमहेंद्रीत ते जमत नाही, आणि या प्रकरणाची खरी कसोटी तिथेच लागते.

मधले ४०० किलोमीटर

चादरीच्या कल्पनेविरुद्ध सर्वांत जोरदार पुरावा दख्खनच्या आग्नेय कडेवर मिळतो. अ‍ॅन जे आणि माइक विडोसन यांनी गुलबर्गा-बिदरच्या बाजूचे थर उलगडून दाखवले. तिथे खालचे जुने थर पोहोचलेलेच नाहीत. आंबेनळी आणि महाबळेश्वर हेच थर तिथे आहेत. कडेकडे लाव्हा पातळ होत जातो आणि थेट जुन्या ग्रॅनाइटवर टेकतो. म्हणजे जे दोन थर राजमहेंद्रीत सापडतात, तेच दोन थर दख्खनच्या आग्नेय टोकालाही आहेत. मधली साखळी तुटली असली तरी दोन्ही टोकांच्या कड्या जुळतात.

मग मधलं काय झालं? खोऱ्यात भरलेला लाव्हा मुळातच अरुंद पट्टा. ६.६ कोटी वर्षं पावसाळी झीज, त्यात भूखंडाचा उत्तरेकडे झालेला हजारो किलोमीटरचा प्रवास, आणि त्यात नद्यांनी पुन्हा तीच उताराची दिशा धरणं. लाव्हाने भरलेल्या खोऱ्याच्या कडेने पाणी नवी वाट काढतं आणि त्या पट्ट्याला दोन्हीकडून पोखरतं. टेबल माउंटन १ कोटी वर्षांत डोंगर होऊन उभा राहिला. त्याच्या सहापट काळात असा डोंगरही संपतो. राजमहेंद्रीचा तुकडा वाचला कारण तो खचत्या किनारी खोऱ्यात होता. त्यावर राजमहेंद्रीचा वाळूखडक साठला आणि तो झाकला गेला.

हा युक्तिवाद मला पटतो. मात्र त्यात जे नाही तेही मांडायला हवं. नदीचं पात्र म्हणून दाखवता येईल असा एकही सलग पुरावा मधल्या पट्ट्यात नाही. म्हणून इथे पात्र सिद्ध झालं असं म्हणण्यापेक्षा पूर्वेकडे उतरणारं, समुद्राला मिळणारं मोठं खोरं सिद्ध झालं, असं म्हणणं योग्य. वर्तमानपत्री मथळ्यांमध्ये हा फरक हरवतो आणि लगेच ‘६ कोटी वर्षांपूर्वीची कृष्णा’ अवतरते.

ती कृष्णा नव्हती. आजची कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, म्हणजे याच लाव्हाच्या माथ्यावर. लाव्हा थिजल्यानंतर ती त्याच्यात कोरली गेली. पश्चिमेकडे ज्या जुन्या नद्या होत्या त्यांचे वरचे टप्पे लाव्हाखाली गाडले गेले. कात्रज किंवा वाईच्या खाली कुठे त्यांचे गोटे असतीलही, पण ते शेकडो मीटर खोल. टिकल्या असतील त्या नद्यांच्या खालच्या वाटा, पूर्वेकडच्या ग्रॅनाइट आणि वाळूखडकातल्या. आणि नव्या नद्यांनी उताराची दिशा मात्र जुनीच चालवली. सह्याद्रीच्या माथ्यावर, अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरांच्या आत जन्मून कृष्णा आणि गोदावरी हजार-चौदाशे किलोमीटर पूर्वेला का जातात, याचं स्पष्टीकरण कीथ कॉक्स यांनी १९८९ मध्ये दिलं. पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या तप्त खडकाच्या स्तंभाने पश्चिमेकडची जमीन घुमटासारखी उचलली आणि पाणी त्या घुमटाच्या उतारावरून पूर्वेला गेलं. राजमहेंद्रीचा लाव्हा या मांडणीला तारीख देतो. महाबळेश्वर थराचा लाव्हा येईपर्यंत हा उतार तयार होता, तोही इतका अखंड, की लाव्हाला समुद्रापर्यंत वाट मिळाली.

वाट कुठून होती यावर मतं बनवायला जागा आहे. आग्नेय कडेचे थर हैदराबादच्या बाजूने आलेल्या खोऱ्याकडे बोट दाखवतात. दुसरीकडे, चंद्रपूर ते सिंगरेणी या कोळशाच्या पट्ट्यातून जाणारी प्राणहिता-गोदावरीची खचदरी डायनासोरांच्याही आधीपासून सखल आहे आणि तिचं तोंड राजमहेंद्रीकडेच आहे. दोन खोरी खालच्या टप्प्यात एकत्र येत असतील, हे मला जास्त संभवनीय वाटतं. कृष्णा आणि गोदावरीचे त्रिभुज प्रदेश आजही एकमेकांना खेटून आहेत.

याचा निकाल दोन जागी लागू शकतो. एक, दख्खनच्या आग्नेय कडेवर, जिथे लाव्हा ग्रॅनाइटवर टेकतो. तिथल्या खाणींत आणि विहिरींत लाव्हाच्या तळाशी घासून गोल झालेले गोटे, नदीची वाळू, किंवा पाण्यात पडून उशीसारखा फुगलेला लाव्हा मिळाला, तर ते जुन्या खोऱ्याचे तळ. त्यांची उंची आणि दिशा नकाशावर मांडली की खोऱ्याचा उतार मोजता येईल. दुसरी जागा राजमहेंद्रीच्या खाली. ओएनजीसीने कृष्णा-गोदावरी खोऱ्यात तेल आणि वायूसाठी खोदलेल्या खोल विहिरींमध्ये हाच लाव्हा कोनसीमेच्या, म्हणजे गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या, गाळाखाली लागला आहे, आणि त्याच्या थरांमधल्या फोरॅमिनिफेरांचा अभ्यासही झाला आहे. प्रत्येक विहिरीत लाव्हाची जाडी वेगळी. जाडीचे ते आकडे एका नकाशावर आले, की सर्वांत जाड पट्टा जिकडून येतो तीच खोऱ्याची शेवटची दिशा. ती वायव्येकडून आली तर प्राणहिता-गोदावरीची दरी, पश्चिमेकडून आली तर कृष्णेच्या बाजूचं खोरं.